हेल्गाचे जलरंग आणि गुपिताची पाटी

अँड्र्यू वायेथ या अमेरिकन चित्रकाराने काढलेले हेल्गा टेस्टॉर्फचे जलरंगातले एखादे व्यक्तिचित्र प्रदर्शनात लागले, लिलावाच्या यादीत आले किंवा पुस्तकात छापले गेले, की त्याच्या शेजारी एक ठरलेले वाक्य हजर होते: ही चित्रकाराने वर्षानुवर्षे जगापासून लपवून ठेवलेली त्याची प्रेरणादेवता. रंग कसा लावला आहे, कागद कोठे कोरा ठेवला आहे, उजेड कोणत्या बाजूने येतो, या चौकशा त्यानंतरच्या रांगेत उभ्या राहतात आणि बहुतेक वेळा त्यांची पाळी येतच नाही. प्रेक्षक पाटी वाचतो, डोळे किंचित बारीक करून स्त्रीच्या चेहऱ्यात काही 'सापडते' का ते पाहतो आणि पुढे सरकतो. वायेथ जाऊन दीड दशकाहून अधिक काळ लोटला, ही चित्रे उजेडात आली त्याला चार दशके होत आली, तरी या पाटीवरचे अक्षर पुसट झालेले नाही, उलट ते अधिकच ठळक होत गेले आहे.

या पाटीमागचा युक्तिवाद थोडक्यात असा आहे. चित्रकाराने एका विवाहित शेजारणीला पंधरा वर्षे चोरून चित्रित केले. ज्या अर्थी चोरून, त्या अर्थी त्यात प्रेम होते. ज्या अर्थी प्रेम होते, त्या अर्थी प्रेम हाच चित्रांचा विषय आणि तेच त्यांचे मूल्य. आणि ती स्त्री त्या प्रेमाचे निमित्त, म्हणजेच त्याची प्रेरणा. या मताच्या नेमके उलट बाजूला उभे असलेले, पण त्याच पाटीवर पोसलेले दुसरे मत असे, की गुपित वगैरे काही नव्हतेच, तो किंमत वाढवण्यासाठी रचलेला बनाव होता आणि म्हणून चित्रेही बनावच. या दोघांच्या जोडीला तिसरे, विद्वानांचे मत आहे: वायेथ हा मुळात कथाचित्रकार, म्हणजे गोष्टीच्या पुस्तकात शोभणारी चित्रे काढणारा, त्याच्या चित्रांना गोष्टीवाचून आधार नाही, म्हणून हेल्गाची गोष्ट काढून घेतली तर हाती केवळ तपकिरी रंग उरतो. ही तिन्ही मते परस्परांशी भांडताना दिसत असली, तरी एका गोष्टीवर त्यांचे पूर्ण एकमत आहे, आणि ती म्हणजे चित्र पाहण्याची गरज नाही.

आधी निर्विवाद तपशील पाहावेत, कारण ते फार नाहीत. वायेथचा जन्म १९१७ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या चॅड्स फोर्ड या गावी झाला आणि २००९ मध्ये तेथेच त्याचे निधन झाले. वडील एन. सी. वायेथ हे नामांकित कथाचित्रकार, आणि तेच त्याचे गुरू. १९४० मध्ये त्याचा विवाह बेट्सी जेम्सशी झाला. पुढे त्याच्या चित्रांची नोंद ठेवणे, व्यवहार पाहणे आणि अनेकदा शीर्षके सुचवणे ही कामे बेट्सीने सांभाळली. हेल्गा ही जर्मनीत जन्मलेली, चार मुलांची आई असलेली स्त्री, वायेथच्या शेजारी असलेल्या कार्ल कर्नर या शेतकऱ्याच्या घरी कामाला आणि शुश्रूषेला जात असे. १९७१ ते १९८५ या काळात वायेथने तिची सुमारे २४० चित्रे आणि रेखाटने केली. १९८६ मध्ये लिओनर्ड अँड्र्यूज या प्रकाशकाने ती एकगठ्ठा विकत घेतली, आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये 'टाइम' आणि 'न्यूजवीक' या दोन्ही साप्ताहिकांनी एकाच आठवड्यात मुखपृष्ठावर ही बातमी झळकवली. १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत त्यांचे प्रदर्शन भरले, ते पुढे अमेरिकेतल्या इतर शहरांत फिरले, आणि १९८९ मध्ये अँड्र्यूजने हा संग्रह एका जपानी संग्राहकाला विकला. त्या वेळच्या वृत्तांनुसार खरेदीची रक्कम ६० लाख डॉलरच्या आसपास होती आणि विक्रीची ४ कोटी डॉलरच्या वर.

यावरून जी कादंबरी रचली गेली ती वाचण्याआधी पहिला प्रश्न विचारायला हवा: गुपित नेमके कशाचे होते? वायेथ दुसऱ्यांच्या घरात जाऊन, त्यांच्या माळ्यावर, कोठारात, स्वयंपाकघरात बसून काम करणारा चित्रकार होता आणि हेल्गा भेटण्याच्या कितीतरी आधीपासून त्याची हीच रीत होती. मेन राज्यातल्या कुशिंग गावी क्रिस्टिना ओल्सन आणि तिचा भाऊ अल्वारो यांच्या जुन्या घरात त्याने १९३९ पासून क्रिस्टिनाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९६८ पर्यंत काम केले. त्या घरातली वरच्या मजल्यावरची एक खोली त्याची चित्रशाळाच बनली होती. कर्नरच्या शेतावरही तो अनेक दशके जात होता. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यात लढलेल्या कार्लचे १९४८ मधले व्यक्तिचित्र, छतातून खाली आलेल्या आकड्यांखाली उभा असलेला त्याचा करडा चेहरा, हे त्याच्या सर्वांत ताकदीच्या चित्रांपैकी एक आहे. क्रिस्टिनाची जवळजवळ तीस वर्षे, कार्लची त्याहूनही काही अधिक आणि हेल्गाची पंधरा: या हिशेबात सर्वांत धाकटी मालिका कोणती हे सांगायला गणितज्ञ लागत नाही. मग तीस वर्षांच्या मालिकेला 'दीर्घकालीन व्यासंग' म्हणायचे आणि तिच्या निम्म्या मुदतीच्या मालिकेला 'दीर्घकालीन गुप्त आसक्ती' म्हणायचे, हा न्याय कोठला? क्रिस्टिना पायांनी अधू होती आणि कार्ल म्हातारा होता, म्हणून त्यांच्या वाट्याला कलासमीक्षा आली; हेल्गा तरुण आणि सुदृढ होती, म्हणून तिच्या वाट्याला कुजबुज आली, याखेरीज या भेदाला दुसरे कारण कोणी दाखवावे.

आकड्यांचाही बराच धाक दाखवला जातो. दोनशे चाळीस चित्रे, असे दबक्या आवाजात सांगितले जाते, जणू माणूस रात्रंदिवस दुसरे काही करतच नव्हता. पंधरा वर्षांत २४० म्हणजे वर्षाला सोळा, आणि त्यांतली बहुसंख्य पेन्सिलची रेखाटने: हाताची घडी, मानेचा कल, कोटाची कॉलर, झोपलेल्या डोक्याखालची उशी. पूर्ण झालेली टेम्परा चित्रे तर बोटांवर मोजण्याइतकी आहेत. (टेम्परा म्हणजे रंगाची पूड अंड्याच्या पिवळ्या बलकात आणि पाण्यात कालवून गुळगुळीत केलेल्या पांढऱ्या फळीवर बारीक रेघांनी चित्र उभे करण्याची जुनी, अतिशय सावकाश चालणारी पद्धत.) वर्षाचे उन्हाळी महिने मेनमध्ये जात, तेथली कामे वेगळी असत, आणि चॅड्स फोर्डमध्येही हेल्गाखेरीज टेकड्या, घरे, कुत्री आणि शेजारी यांची चित्रे चालूच होती. ज्या चित्रकाराने एका पडक्या घराच्या खिडक्या दशकानुदशके काढल्या, त्याने एका माणसाची वर्षाला सोळा रेखाटने केली, यात आश्चर्य ते कोणते? पराचा कावळा करायचाच असेल, तर निदान पीस तरी मोजून घ्यावे.

आता प्रेमाकडे वळावे. १९८६ मध्ये ही चित्रे कशाविषयी आहेत असे विचारले असता बेट्सीने एका शब्दात 'प्रेम' असे उत्तर दिले, आणि त्या एका शब्दावर आजवर रकानेच्या रकाने भरले गेले. उत्तर देणारी व्यक्ती चित्रकाराच्या चित्रांना नावे सुचवणारी होती, एक नेमका शब्द चित्रापुढे ठेवल्यावर प्रेक्षकाची नजर कशी वळते हे तिला पुरेपूर ठाऊक होते, हे या रकान्यांतून क्वचितच आठवले जाते. पण समजा, तो शब्द जसाच्या तसा खरा मानला. तरी त्यातून चित्राविषयी कळते काय? प्रेमाने काढलेली वाईट चित्रे जगात थोडी नाहीत, आणि नवऱ्यांनी बायकांची, प्रियकरांनी प्रेयसींची काढलेली बहुतेक व्यक्तिचित्रे घराच्या भिंतीपलीकडे कोणी पाहत नाही, तीही प्रेमाअभावी नव्हे. प्रेम हे चित्र काढण्याचे कारण असू शकेल. चित्र चांगले होण्याचे कारण ते नाही. हा साधा भेद ज्यांना पाळता येत नाही, त्यांनी सुतावरून स्वर्ग गाठावा, पण त्याला समीक्षा म्हणू नये.

या गोंधळाचा उत्तम नमुना म्हणजे १९८१ मधले 'लव्हर्स' हे चित्र. शीर्षक वाचताच प्रेक्षकाला आपले अर्धे काम झाले असे वाटते: प्रियकर-प्रेयसी, म्हणजे तो आणि ती, म्हणजे गुपित. पण चित्रात आहे काय? एक स्टूल, त्यावर बसलेली एक विवस्त्र स्त्री, बाजूच्या खिडकीतून येणारा तिरपा उजेड आणि वाऱ्याबरोबर आत आलेले एक वाळके पान. दुसरा माणूस नाही. तिचा चेहरा पाहणाऱ्याकडे नाही. तिला कोणाची वाट पाहायची आहे, कोणाकडे झुकायचे आहे, असे तिच्या अंगाच्या ठेवणीत काहीही नाही. उजेड तिच्या त्वचेवर पडतो तसाच भिंतीवर पडतो, आणि चित्रकाराने दोन्हींना सारखेच लक्ष दिले आहे. त्या खोलीत उन्हाचा शरीराशी, शरीराचा सावलीशी आणि बाहेरच्या ऋतूचा आतल्या शांततेशी जो संबंध जुळला आहे, तोच चित्राचा विषय. शीर्षकातले अनेकवचन कोणाकोणाला लागू आहे, हे त्या पानाला विचारावे लागेल. गुपिताची गोष्ट घेऊन येणाऱ्या प्रेक्षकाला मात्र पान दिसतच नाही, कारण त्याला चित्राबाहेर उभ्या असलेल्या चित्रकाराकडे पाहायचे असते. विवस्त्र स्त्रीच्या चित्रात चित्रकाराचीच चाहूल घेत राहणारी ही नजर स्वतःला रसिक समजते, हा या प्रकरणातला खरा विनोद आहे.

चित्र म्हणजे साक्षीपुरावा नव्हे, हे तर वायेथच्याच उदाहरणावरून केव्हाच ठरून गेले होते. 'क्रिस्टिनाज वर्ल्ड' (१९४८) या त्याच्या सर्वांत प्रसिद्ध चित्रात माळरानावर हातांवर रेलून घराकडे पाहणारी आकृती क्रिस्टिना ओल्सनची आहे. त्या वेळी ती पन्नाशी ओलांडलेली होती, आणि आकृतीच्या धडासाठी बसली होती ती विशीतली बेट्सी. म्हणजे एकाच शरीरात दोन स्त्रिया आहेत, आणि त्यामुळे चित्र खोटे ठरत नाही, उलट त्याला ताकद येते. चित्रकाराने पाहिलेले, जोडलेले, बदललेले आणि गाळलेले, असे सगळे मिळून चित्र बनते. मग हेल्गाच्या चित्रांनाच काय झाले, की तेथे प्रत्येक पापणी, प्रत्येक दोरा चित्रकाराच्या खाजगी आयुष्याची नोंदवही म्हणून वाचायचा?

खरा पुरावा हवा असेल तर तो कागदावर आहे, आणि तो वाचायला जलरंगाची थोडी ओळख लागते. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत. उजेड हवा तेथे कागद कोरा सोडावा लागतो, आणि एकदा लावलेला गडद वॉश, म्हणजे पाण्यात पसरलेला रंगाचा पातळ थर, सहजी मागे घेता येत नाही. या माध्यमाची कसोटी मराठी रसिकांना नवी नाही. सा. ल. हळदणकरांचे, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधले प्रसिद्ध जलरंगचित्र ज्यांनी पाहिले आहे, त्यांना बोटांच्या फटींतून झिरपणारा उजेड कागदाच्या पांढरेपणातूनच कसा मिळवावा लागतो हे ठाऊक आहे; आणि त्या चित्रासाठी चित्रकाराची स्वतःची मुलगी उभी राहिली होती, ही माहिती त्या उजेडाचे स्पष्टीकरण ठरत नाही हेही ठाऊक आहे. वायेथ या माध्यमात दोन टोकांनी काम करी. एकीकडे भराभर ओतलेले, ओघळलेले, शिंतोडे उडालेले मोकळे जलरंग. दुसरीकडे त्याने जर्मन चित्रकार ड्युररच्या कामातून शिकलेली ड्रायब्रश ही पद्धत. ड्रायब्रशमध्ये कुंचला रंगात बुडवून बोटांनी दाबून त्यातले बहुतेक पाणी पिळून काढतात, केस फाकवतात, आणि त्या जवळजवळ कोरड्या केसांनी आधीच्या वॉशवर रेघांचे थरावर थर विणत जातात.

१९७२ मधले 'ब्लॅक व्हेल्वेट' हे असे ड्रायब्रश चित्र आहे: गडद काळोखावर आडवी असलेली विवस्त्र आकृती आणि गळ्यात काळ्या मखमलीची फीत. बातमीदारांना त्यात शृंगार दिसला. जाणकारांना फ्रेंच चित्रकार एदुआर माने याच्या १८६३ मधल्या 'ऑलिंपिया'च्या गळ्यातली फीत आठवली. पण काम कोठे झाले आहे हे पाहायचे तर काळोख आणि शरीर जेथे मिळतात त्या कडेवर पाहावे लागते. तेथे काळा रंग शरीराच्या बाहेरून, कडेला अचूक भिडवत, आत एक थेंबही न जाऊ देता चढवावा लागतो, कारण आत गेलेला थेंब त्वचेला कायमचा मळवून टाकील. आणि ही कसरत खांद्यापासून टाचेपर्यंत न डगमगता चालवावी लागते. अशा वेळी हात प्रेमाने थरथरत असेल, तर चित्र तेथेच संपते. प्रेमकथेचे समर्थक ज्याला आवेग म्हणतात, तो या कागदावर कोठेही नाही. येथे आहे तो संयम, आणि तोही इतका कठोर, की काही प्रेक्षकांना तो थंडपणा वाटावा. हेल्गाच्या वेण्या, जेथे प्रत्येक केसाचा पेड वेगळा आणि तरी एकाच उजेडात बांधलेला आहे, त्या पाहताना हीच गोष्ट पुन्हा सिद्ध होते. आसक्तीला इतकी बारीक रेघ ओढायला सवड नसते.

दुसरा मुद्दा त्या स्त्रीचा, आणि प्रेरणादेवतेच्या या भाषेने सर्वांत मोठा अन्याय केला आहे तो तिच्यावर. देवता म्हटली की तिने काही करावे लागत नाही. तिने केवळ असावे आणि चित्रकाराने प्रेरित व्हावे. प्रत्यक्षात चित्रकारापुढे बसणे हे काम आहे. न हलता तासन्‌तास एक हात वर धरणे, थंडीच्या दिवसांत उघड्यावर झाडाशी टेकून राहणे, तीच मान त्याच कोनात दुसऱ्या दिवशी पुन्हा आणणे, आणि हे पंधरा वर्षे करत राहणे, याला शरीराची शिस्त लागते आणि डोकेही लागते. हिरव्या लोडन कोटातली, म्हणजे आल्प्सच्या परिसरात वापरल्या जाणाऱ्या जाड लोकरी कोटातली, हेल्गा झाडांच्या बुंध्यांपाशी दिसते त्या जलरंगांत तिच्या उभे राहण्यातच एक निर्धार आहे, आणि तो निर्धार कुंचल्याने शोधून काढलेला नाही. तो तिने आणलेला आहे, चित्रकाराने ओळखला आहे. १९७९ मधल्या 'फार्म रोड' या टेम्परात ती पाठमोरी आहे, समोर टेकडीचा चढ, आणि प्रेक्षकाच्या वाट्याला तिच्या डोक्याची मागची बाजू येते. ज्या चित्रात चेहराच नाही, तेथेही ती ओळखू येते. एखाद्या नटाने पाठमोरे राहून रंगमंच तोलून धरला तर त्याला कसदार अभिनय म्हणतात. हेल्गाने तेच केले तर तिला निमित्तमात्र म्हणायचे?

हा अन्याय तिच्याच वाट्याला आला असेही नाही. 'ऑलिंपिया'साठी बसलेली व्हिक्टोरीन म्यूराँ स्वतः चित्रकार होती, पॅरिसच्या सलोनमध्ये, म्हणजे तेथल्या अधिकृत वार्षिक प्रदर्शनात, तिची चित्रे लागली होती. तरी पिढ्यान्‌पिढ्या तिची ओळख एका चित्रातले शरीर एवढीच राहिली. हेल्गाच्या बाबतीत तर ती जिवंत, बोलती-चालती असतानाच तिला गुपित करून टाकण्यात आले. पुढे वायेथच्या उतारवयात तिने त्याच्या कामात मदतनीस म्हणून आणि आजारपणात शुश्रूषेसाठी साथ दिली, आणि २०१३ मध्ये बीबीसीसाठी मायकेल पेलिनने वायेथच्या जगाविषयी केलेल्या माहितीपटात ती कॅमेऱ्यासमोर बोलली. बोलणाऱ्या माणसाला गुपित म्हणत राहण्यासाठी त्याचे बोलणे ऐकू न येण्याची मोठी साधना लागते.

याच ठिकाणी गंभीर आक्षेपकांकडे वळायला हवे, कारण ते कुजबुजीत भाग घेत नाहीत. त्यांचे म्हणणे असे, की झोपलेल्या, डोळे मिटलेल्या, विवस्त्र स्त्रीकडे पाहणारी ही पुरुषी नजर आहे आणि तिला कौशल्याचा मुलामा दिल्याने ती निर्दोष होत नाही. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र मालिकेच्या बाहेर शोधले जाते, आत नाही. नेमक्या याच वर्षांत, १९७८ मध्ये, वायेथने 'स्प्रिंग' हे टेम्परा केले, ज्यात वृद्ध, शेवटाला आलेला कार्ल कर्नर टेकडीवर वितळत राहिलेल्या बर्फाच्या ढिगात उघडा पडलेला आहे. हेल्गाचे शरीर आणि कार्लचे शरीर, दोन्ही एकाच टेकडीच्या आसपास, एकाच नजरेने, तितक्याच निर्दय जवळिकीने पाहिलेली आहेत. कर्नरच्या शेताजवळच्या रेल्वे फाटकावर १९४५ मध्ये एन. सी. वायेथचा अपघाती मृत्यू झाला, आणि त्यानंतर ती टेकडी मुलाच्या चित्रांत पुन्हापुन्हा येत राहिली. शरीर, माती आणि मृत्यू यांकडे एकत्रच पाहण्याची ही सवय आहे. तिला कोणी क्रूर म्हणावे, कोणी विक्षिप्त म्हणावे, पण ती एका स्त्रीपुरती राखून ठेवलेली नव्हती. 'स्प्रिंग' आणि 'लव्हर्स' शेजारी ठेवून ज्याने पाहिले आहे, त्याने मग खुशाल आक्षेप घ्यावा.

बनाववाद्यांचे काय? त्यांच्या हातात काही खरे तपशील आहेत. १९८६ पूर्वीच हेल्गाची काही चित्रे बाहेर आली होती, त्यामुळे गुपित हवाबंद नव्हते. खरेदीदार चित्रांबरोबर छपाईचे हक्कही घेऊन गेला. एका राष्ट्रीय संग्रहालयाने एका खाजगी मालकाचा संपूर्ण संग्रह मिरवला, आणि तीन वर्षांत त्याची किंमत अनेक पटींनी वाढली. संग्रहालयाने असे करणे योग्य नव्हते, हे मान्य करायलाच हवे, आणि याहून अधिक मान्य करण्याचे कारण नाही. कारण यातून सिद्ध होतो तो बाजाराचा दोष. १९७२ मध्ये काढलेल्या चित्राने १९८९ मधल्या सौद्याचा कट केला, असे म्हणायला काळाची दिशा उलटी फिरवावी लागते. पंधरा वर्षे रेखाटने साठवत, वेणीचा एकेक पेड विणत, एक चित्रकार साप्ताहिकाच्या मुखपृष्ठाची वाट पाहत बसला होता, असे ज्यांना वाटते त्यांनी एक ड्रायब्रश चित्र स्वतः पुरे करून पाहावे. जाहिरातबाजीचे याहून सोपे मार्ग त्या काळीही उपलब्ध होते. शिवाय बनाववाद्यांची गोम अशी, की ते गुपिताला खोटे म्हणतात, पण चित्राचे मोजमाप गुपितानेच करतात: गुपित खरे तर चित्र मोठे, खोटे तर चित्र पोकळ. प्रेमकथेच्या भक्तांचेही माप हेच. दोघे एकाच तराजूच्या दोन पारड्यांत बसून एकमेकांना खोटे ठरवत आहेत.

उरतात विद्वान. वायेथ हा कथाचित्रकार, भावुक, तपकिरी रंगाचा गुलाम, अमूर्त कलेच्या काळात मागे राहिलेला गावठी, आणि जलरंग म्हणजे तर रविवारच्या हौशी चित्रकारांचे माध्यम: ही यादी साठ-सत्तर वर्षे न बदलता पाठ म्हटली जात आहे. जलरंग हलका असेल, तर ड्युररचा १५०२ मधला ससा आणि विन्स्लो होमरचे समुद्र कोणत्या वर्गात बसवायचे? १९३७ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या मॅकबेथ गॅलरीतले वायेथचे पहिले प्रदर्शन जलरंगांचेच होते आणि त्यातले प्रत्येक चित्र विकले गेले. तेव्हा हेल्गा नव्हती, गुपित नव्हते, मुखपृष्ठ नव्हते. तपकिरी रंगाविषयी बोलायचे, तर वायेथचे चॅड्स फोर्ड हे मुख्यतः पानगळीनंतरचे आणि हिवाळ्यातले, कारण उन्हाळ्यात तो तेथे नसे; नोव्हेंबरच्या गवताचा रंग तपकिरी असतो, यात चित्रकाराची भावुकता ती कोणती? आणि गोष्ट काढून घेतल्यास काही उरत नाही हा दावा तर त्यांनी कधी तपासलेलाच नाही. गोष्ट काढून घेऊन पाहण्याची वेळ आली, तेव्हा याच मंडळींनी गोष्टीवर सर्वांत जास्त शाई खर्च केली. चित्रे कथेच्या आधारावर जगतात असा आरोप करायचा आणि स्वतःचे लेख त्याच कथेवर जगवायचे, याला 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' म्हणतात.

भावुकतेच्या आरोपाला उत्तर हवे असेल तर मालिकेतच आहे. तेथे हेल्गा हसत नाही, रडत नाही, प्रेक्षकाची मनधरणी करत नाही, वर्षे जातात तशी थोडी जाडजूड होते, थकते, आणि चित्रकार ते लपवत नाही. पहिल्या वर्षांतला सडपातळपणा शेवटच्या वर्षांत नाही, गालांची हाडे वेगळी दिसतात, केसांचा रंग उजेडानुसार गवताकडे किंवा गंजाकडे झुकतो. एकाच व्यक्तीकडे पंधरा वर्षे न ढळणाऱ्या नजरेने पाहून तिच्यातला बदल कागदावर उतरवणारी मालिका विसाव्या शतकातल्या व्यक्तिचित्रणात सहजी सापडत नाही. प्रेरणादेवता कधी म्हातारी होत नाही, हेल्गा होते. या एका गोष्टीने पाटीवरचे सगळे शब्द खोटे पडतात, पण पाटी लिहिणाऱ्याने पहिले आणि शेवटचे चित्र शेजारी ठेवून पाहिलेले नसते.

तेव्हा निष्कर्ष स्पष्ट आहे. वायेथ आणि हेल्गा यांच्यात काय होते हा त्यांचा प्रश्न आहे. कागदावर काय आहे हा प्रेक्षकाचा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कितीही चविष्ट असले तरी दुसऱ्याचे उत्तर त्यातून निघत नाही, आणि दुसऱ्याचे उत्तर हाती असेल तर पहिल्याची गरज उरत नाही. गुपिताने ही चित्रे प्रसिद्ध केली हे खरे. पण त्यानेच ती अदृश्यही केली, कारण ज्या क्षणी प्रेक्षक लपवलेले शोधू लागतो, त्या क्षणी समोर उघड ठेवलेले त्याला दिसेनासे होते. हेल्गाच्या जलरंगांत जे आहे ते सगळे उघडच आहे: एका चित्रकाराची कमावलेली रेघ, एका स्त्रीचे कमावलेले स्थैर्य, आणि दोघांनी मिळून पंधरा वर्षे केलेले काम. या कामाला प्रेम म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे, पण मग ते काम म्हणून पाहावे, तपासावे, मोजावे, आणि श्रेय दोघांना द्यावे. संग्रहालयांनी, लिलावदारांनी आणि लेखकांनी चित्राशेजारची ती पाटी काढावी, आणि तिच्या जागी वर्ष, माध्यम आणि दोन नावे लिहावीत: काढणाऱ्याचे आणि बसणाऱ्या व्यक्तीचे. तेवढी माहिती घेऊन ज्याला चित्र पाहता येत नाही, त्याला गुपित सांगूनही काही दिसणार नाही.